निकान्द्रोचा दगड

रोक्कासोर्दा, ३ फेब्रुवारी १९८०

निकान्द्रो,

आशीर्वाद लिहायला म्हणून पेन उचललं होतं, पण तुझं पत्र पुन्हा एकदा वाचलं आणि आशीर्वाद घशातच अडकला. तो पुढच्या वेळी.

चौदा महिन्यांनी पत्र, आणि तेही सात ओळींचं. एक ओळ तिकडच्या धुक्याची, एक तुझ्या खोकल्याची, आणि उरलेल्या पाच किल्ला विकण्याच्या. तूरिनचा कुणी डॉक्टर आहे म्हणे. त्याला आपल्या डोंगरावर येऊन राहायचंय, पडलेला बुरूज पुन्हा उभा करायचाय, आणि तू तुझ्या हिश्शावर सही करून मोकळासुद्धा झालास. आता फक्त माझी सही राहिली. ‘एर्सीलिया, एवढं कर, मग मी तुझ्याकडे कधी काही मागणार नाही.’ वा रे वा! आजवर काय मागितलंस माझ्याकडे? मागितलं असतंस तर बरं झालं असतं. बहीण आहे हे तरी लक्षात राहिलं असतं.

मी सही करणार नाही. डॉक्टरला सांग, डोंगर बघायचा असेल तर खालून बघ.

आजोबांनी सरदाराच्या कारभाऱ्याकडून ती टेकडी घेतली ती शेळ्यांसाठी. किल्ला तिच्यावर आधीपासून होता, म्हणून तोही आला. मला त्या किल्ल्याचं कौतुक नाही. अर्धा पडलेला, उरलेल्यात काटेरी झुडपं आणि कावळे. पण माझ्या सहा शेळ्या तिथे चरतात, आणि त्या ढिगाऱ्याखालून आपण बाबांना बाहेर काढलं. तू विसरलास? वीस मेची दुपार. लिंबाएवढ्या गारा, बाबा शेळ्यांना घेऊन बुरुजाच्या आडोशाला उभे, आणि बुरूज अख्खाच्या अख्खा खाली. एकवीस वर्षं होतील आता.

तू विसरला असशील, गाव विसरलेलं नाही. पोरं खेळताखेळता ढिगाऱ्याकडे गेली की अजून त्यांच्या आया ओरडतात, “परत ये रे, निकान्द्रो पाडेल बुरूज अंगावर!” ज्या पोरांनी तुला बघितलंही नाही त्यांना तू बागुलबुवा म्हणून ठाऊक आहेस. आणि तू तिकडे बेल्जियममध्ये, जमिनीखाली कोळसा खणत. चांगला गवंडी होतास तू. डोक्यावर एक बुरूज पडला म्हणून माणूस आणखी खोल दगडाखाली जाऊन बसतो का?

माझ्या चुलीचा दगड तूच आणलास, कारण नवरीच्या चुलीचा दगड किल्ल्यावरून भावानेच आणायचा असतो. पडलेला घ्यायचा, उभ्या भिंतीतला काढायचा नाही, तोही नेम तू पाळलास. बुरुजाच्या पायथ्याशी पडलेलाच दगड आणलास तू. पण गावाने ठरवलं की तोच दगड बुरुजाला टेकू देत होता. तसं नाही हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगितलं होतं. माझं कोण ऐकणार?

आई गेली तेव्हा आला नाहीस. माझा नवरा पार्दो गेला तेव्हा दोन ओळी पाठवल्यास. आता विकायला मात्र तुला किल्ला आठवला.

उत्तर पाठव. आणि बारमधल्या फोनवर मला बोलावू नकोस, तिथे अख्खं गाव कान लावून बसतं.

एर्सीलिया

९ मार्च १९८०

निकान्द्रो,

मी सही करणार नाही असं लिहिलं होतं ना? मग ही बाई कशी आली?

गुरुवारी शेळ्या घेऊन वर गेले तर बुरुजाच्या उरलेल्या अर्ध्या भिंतीवर एक बाई दोरीला लटकलेली. विजार घातलेली, डोक्यावर पिवळं टोपरं, तोंडात पेन्सिल. मी खालून ओरडले, “ए बाई! मरायचं असेल तर दुसरीकडे जा, इथे एक मेलाय तेवढा पुरे!”

ती शांतपणे खाली उतरली, हात पुसला आणि पुढे केला. “मी ग्रिबाउदो. डॉक्टरांनी पाठवलंय. मोजमाप घ्यायला.” मग शेळ्यांकडे बघून म्हणाली, “या चावतात का?”

“शेळ्या नाही चावत. मी चावते.”

हसली मेली. मला राग आला की समोरचा हसतो, हे माझं लहानपणापासूनचं नशीब. म्हणाली, “तुमच्या भावांनी परवानगी दिलीय.” मी म्हटलं, माझा भाऊ एकवीस वर्षांत या डोंगरावर आलेला नाही, त्याची परवानगी कावळेसुद्धा मानत नाहीत. तर म्हणाली, “मग तुम्ही द्या. मी फक्त बघणार आहे. बघितल्याने काही पडत नाही.”

तीन दिवस बघतेय. बारच्या वरच्या खोलीत राहते. पहिल्या दिवशी दुपारी पाऊस आला म्हणून तिला घरी आणावं लागलं. पोटात अन्न नसलेल्या माणसाला दारातून हाकलता येत नाही, शत्रू असला तरी. वाल आणि पाव वाढला. दोनदा मागून घेतलं. चुलीपुढे बसून पाय शेकत होती. मी तिला तिथून उठवून खिडकीपाशी बसवलं. ओल्या कपड्यांचा वास येतो म्हणून सांगितलं.

आणि तिने मला एक सांगितलं, ते तू सांगितलं नव्हतंस. विक्रीच्या कागदात तू अट घातलीयस म्हणे, की बुरुजाखालच्या ढिगाऱ्याला कुणी हात लावायचा नाही. दगड हलवायचा नाही, निवडायचा नाही, आहे तसाच चुन्याने बांधून टाकायचा. “विचित्र अट आहे,” ती म्हणाली. “बुरूज पुन्हा बांधायचा तर त्याचेच दगड हवेत ना? मी विचारलं तर तुमचे भाऊ म्हणाले, तिथे वडील गेले.”

मी पण तसंच म्हटलं. पण मला सांग, निकान्द्रो, बाबांना आपण त्याच दिवशी काढलं. ढिगाऱ्यात आता काय आहे? तू काय लपवतोयस तिथे? विकणाराही तूच आणि कुलूप लावणाराही तूच! एकतर विकू नकोस, नाहीतर विकून गप्प बस.

खोकला कसा आहे ते लिहीत नाहीस. मोहरीचा लेप लाव छातीला. तिकडे मोहरी मिळत नसेल असं होणार नाही.

एर्सीलिया

२३ मार्च १९८०

आजच्या आज त्या डॉक्टरला तार कर. व्यवहार मोडला म्हणून सांग. त्या बाईला परत बोलव.

तुला कळत कसं नाही? मेलेल्याची शांती कुणी दोरीला लटकून मोडायची असते का? बाबांचं नाव घेऊन अट घातलीस ना, मग त्याच बाबांचं नाव घेऊन ही सगळी मोजामोजी थांबव. मी तिला शुक्रवारी किल्ल्यातून हाकललं. शब्दाने नाही, काठीने. काठी लागली नाही, पण तिची पेटी उतारावरून गडगडत गेली. गाव म्हणतंय, एर्सीलियाला वेड लागलं. लागू दे.

झालं काय ते सांगते, कारण न सांगून तू दुसऱ्याकडून ऐकशीलच. वरच्या मोठ्या खिडकीची कमान आठवते? जिच्या मधल्या दगडावर तारा कोरलेला होता, ती. तिची डावी बाजू अजून भिंतीला धरून आहे. त्या बाईने तिथे जाऊन भिंगातून बघितलं आणि खाली येऊन मला म्हणाली, “एर्सीलियाबाई, बुरूज खालून नाही पडला. वरून पडला. कमानीचा मधला दगड कुणीतरी आधीच काढला होता. पहारीचे घाव आहेत, अजून ताजे दिसतात. आणि हे बघा.”

तिच्या हातात लाकूड होतं. ओकची पाचर. काळी पडलेली, कुजलेली, पण पाचरच.

“मधला दगड काढला आणि त्याच्या जागी ही ठोकली. कोरडं होतं तोवर टिकली. पाणी लागलं, फुगली, शेजारचा दगड ढकलला आणि गेलं सगळं. पायथ्याचा दगड कुणी नेला असेल-नसेल, त्याचा काही संबंध नाही. तो कमानीचा दगड ढिगाऱ्यात आहे की नाही, एवढं बघितलं की झालं. पण तुमच्या भावांची अट आहे ना.”

मी म्हटलं, ते लाकूड मला दे. ती म्हणाली, डॉक्टरांना दाखवायचंय. मी म्हटलं, माझ्या डोंगरावरचं लाकूड आहे, दे. तेव्हा मग काठी उचलली.

आता ती पाचर बारमध्ये टेबलावर पडलीय. जो येतो तो हातात घेऊन बघतो. आपल्याकडच्या लोकांना दुसरा उद्योग काय?

ईस्टर आलं. घर पांढरं करायचंय, चूलही. लवकर तार कर.

एर्सीलिया

५ एप्रिल १९८०
ईस्टरच्या आदला दिवस

निकान्द्रो,

तू तार केली नाहीस. उत्तरही नाही. बरं झालं.

काल कोन्चेझिया मावशी आली होती. आता नव्वदीला टेकली आहे, डोळ्यांना दिसत नाही, पण नाक आणि जीभ अजून तशीच. मी चूल रंगवत होते. ती दारातच थांबून वास घेत राहिली.

“चुना लावतेयस?”

“ईस्टर आहे मावशी, सगळेच लावतात.”

“सगळे भिंतीला लावतात. चुलीच्या आत कोण लावतं? दोन दिवसांत काजळी धरायची ती धरायचीच. आणि तू तर दरवर्षी लावतेस.” मग खुर्ची शोधून बसली. “बारमध्ये ती पाचर मी पण हातात घेतली. बोटांनी बघितली. वाकसाने तासून गोलवा दिलाय तिला, पिंपाच्या फळीला देतात तसा. सुतार असा गोलवा देत नाही.”

मी चुन्याचा कुंचला फिरवत राहिले. मावशी नुसतं म्हणाली, “चोराच्या मनात चांदणं,” आणि काठी टेकत निघून गेली.

या गावात लाकडी पिंपं करणारा एकच होता. माझा नवरा.

आता लिहिते. मध्ये थांबले तर परत लिहिणार नाही, म्हणून एका दमात लिहिते.

लग्नाच्या पंगतीत माझ्या सासूने तुझ्या दगडाकडे बघून सगळ्यांसमोर म्हटलं होतं, “शेळ्यांच्या घरची मुलगी, शेळ्यांच्या गोठ्यातला दगड.” तू तिथेच होतास, तू हसून सोडून दिलंस. मला नाही सोडता आलं. बारा दिवस मी पार्दोच्या मागे लागले होते. मला तारा हवा. सरदाराच्या बायकोच्या खिडकीवर होता तो तारा माझ्या चुलीवर हवा. चाळीस दिवसांनी गाव नवरीची चूल बघायला येईल तेव्हा म्हातारीचं तोंड बंद झालं पाहिजे. पार्दो म्हणाला, उभ्यातला काढायचा नसतो. मी म्हटलं, तू पुरुष आहेस की पिंप? मग तो गेला. सासू जत्रेला गेली होती त्या दिवशी गेला, आणि मी खाली उभी राहून पहारा दिला. जागा मोकळी राहू नये म्हणून त्याने ओकची पाचर ठोकली. चांगली बसवली होती. लाकडावर त्याचा फार विश्वास. पिंपात ओक पाणी पिऊन फुगतो आणि फट बंद होते, तेवढंच त्याला ठाऊक. दगडात फुगलेलं लाकूड काय करतं हे त्याला कुठून कळणार? तुला विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. तुला कसं विचारणार?

तारा लाकडांच्या ढिगामागे गोणपाटाखाली ठेवला. बारा दिवसांनी गारा पडल्या.

बाबांना घरी आणलं त्या संध्याकाळी चार माणसं आली आणि त्यांनी तुझा दगड माझ्या चुलीतून उपटून खालच्या ओढ्यात फेकला. या दगडाने बुरूज पाडला, म्हणाले. त्यांतला रोक्को तुझ्या तोंडावर थुंकला. मी तिथेच उभी होते, निकान्द्रो. मी सगळ्यांना सांगितलं होतं असं फेब्रुवारीत लिहिलं ना? खोटं. मी एक अक्षर बोलले नाही. चुलीत भोक पडलं होतं आणि मी त्या भोकाकडे बघत होते.

पुढच्या आठवड्यात पार्दोने त्या भोकात तारा बसवला. तोंड आत करून. बाहेर कुठे टाकला असता तर सापडला असता. वरून चुना लावला. तेव्हापासून दरवर्षी लावते. दरवर्षी फादर अकिल्ले येतात, त्या चुलीवर पवित्र पाणी शिंपडतात, आणि मी आमेन म्हणते. एकवीस वर्षं त्याच्यावर वाल शिजवून खाल्ले मी.

पार्दोला शेवटच्या दिवसांत तुला लिहायचं होतं. दोनदा कागद मागितला. मी म्हटलं, ताप उतरू दे मग लिही. ताप उतरणार नाही हे मला माहीत होतं.

आणि ऐक, मला तुझाही राग आहे. हो, तुझाही! तू गवंडी होतास. बुरूज पडल्यावर तू एकदाही वर का नाही बघितलंस? चार माणसांनी सांगितलं आणि तू मान खाली घातलीस, ती घालूनच गेलास. मान वर केली असतीस तर कमान दिसली असती, मला सगळ्यांसमोर उभं केलं असतंस, आणि मी तेव्हाच मोकळी झाले असते. एवढं चांगलं असू नये माणसाने. चांगल्या माणसाचा अंगावर भार होतो.

माफ कर असं लिहिणार नाही. ते माझ्या तोंडात शोभत नाही. पण हे पत्र पेटीत टाकणार आहे, आणि पुढच्या रविवारी काय करायचं तेही ठरवलंय.

एर्सीलिया

४ मे १९८०

हरामखोरा,

तुझं पत्र मंगळवारी आलं. पोस्टमनने हातात दिलं तसं दारातच फोडलं आणि उभ्याउभ्या वाचलं. मग चुलीपुढे बसून जोरात ओरडले. शेजारचे धावत आले, कुणी मेलं का म्हणून.

‘एर्सीलिया, मला माहीत होतं.’

माहीत होतं!

‘जायच्या दिवशी तुझ्याकडे जेवायला आलो तेव्हाच बघितलं. चुलीत पाचरीच्या आकाराचा दगड कुणी बसवत नाही. खाली अरुंद, वर रुंद, दोन्ही बाजूंना चुना भरलेला. तसा दगड कमानीच्या मधोमधच असतो.’

वाल वाढले होते मी तुला त्या दिवशी. तू म्हणालास, मीठ थोडं कमी आहे. बस, एवढंच म्हणालास! मी मीठ आणून दिलं. तू खाल्लंस, तोंड पुसलंस, माझ्या डोक्यावर हात ठेवलास आणि बसमध्ये बसलास. समोर बाबांना मारणारा दगड, आणि तुला मिठाचं पडलं होतं?

आणि त्यानंतर एकवीस वर्षं माझी पत्रं वाचलीस. मी लिहायचे, तू पळून गेलास. मी लिहायचे, गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. मी लिहायचे, आईच्या शवपेटीला खांदा द्यायलाही आला नाहीस. तू खाणीतून वर येऊन, हात धुऊन, ती पत्रं वाचायचास आणि खोकल्याबद्दल एक ओळ लिहायचास. माझी लाज वाटली नाही तुला? मला आता कुठे तोंड लपवायचं ते सांग!

किल्ला विकण्याचं कारणही आता लिहितोस. ‘डॉक्टर कमान पुन्हा बांधेल, तिथे नवा दगड बसेल, ढिगारा चुन्यात बंद होईल. मग कुणी कधी शोधणार नाही, आणि मी मेलो तरी तुला त्रास नको.’ वाचून मी तुझं पत्र चुरगाळून फेकलं. मग उचललं. इस्त्री फिरवली. ते आता कपाटात आहे.

तुला कुणी सांगितलं होतं रे हे सगळं करायला? मी? मी तर एक अक्षर बोलले नव्हते. तुला एकदा तरी माझ्यावर ओरडता आलं नाही? एकदा ओरडला असतास तर मी रडले असते, आपण भांडलो असतो, सासूने चार शिव्या घातल्या असत्या, गाव दोन वर्षं बोललं असतं आणि मग विसरलं असतं. तू घरी राहिला असतास. आईच्या उशाशी बसला असतास. तुझी फुप्फुसं चांगली असती. एका म्हातारीच्या टोमण्यापायी तुझं अख्खं आयुष्य गेलं, निकान्द्रो, आणि ते मी घेतलं, आणि तू दिलंस. मला दोघांचाही राग येतो, आणि मी एकटीच असते इथे, तर कुणावर काढू?

बरं. रविवारचं सांगते.

तेरा एप्रिलला प्रार्थना संपून सगळे चौकात उभे होते. मी कारंज्याच्या पायरीवर चढले. कोन्चेझिया मावशीचा खांदा धरला. म्हटलं, “बुरूज निकान्द्रोने नाही पाडला. पार्दोने कमानीचा दगड काढला आणि मी काढायला लावला. तो माझ्या चुलीत आहे, ज्याला बघायचाय त्याने या.” एवढंच बोलले. भाषण मला येत नाही.

बेकरीवाली म्हणाली, “म्हणजे पोरांना इतकी वर्षं आपण भलत्याच माणसाची भीती घातली?” आणि ती रडायला लागली. ती का रडते मला कळेना. तिचा तर तेव्हा जन्मही झाला नव्हता. काही जणांनी माझ्याकडे पाठ फिरवली, ते योग्यच केलं. फादर अकिल्ले माझ्याशी अजून नीट बोलत नाहीत. म्हणतात, “तू इतकी वर्षं मला त्या दगडावर पाणी शिंपडू दिलंस!” त्यांना दगडापेक्षा पाण्याचं वाईट वाटतंय.

रोक्को आला घरी. जो तुझ्यावर थुंकला, तोच. आता कमरेत वाकलाय. दारात टोपी काढून उभा राहिला. म्हटलं, आत ये. तो म्हणाला, नको. चुलीकडे बघत राहिला. मग विचारलं, “त्याचा दगड आम्ही ओढ्यात कुठे टाकला होता, आठवतं का तुला?”

मी पहार घेतली आणि त्याच दुपारी तारा काढला. एकटीने. नखं गेली दोन. आता तो स्वयंपाकघरात मधोमध पडलाय, तोंड वर करून. काजळी धुतली. तारा छान आहे अजून, एक टोक तेवढं तुटलंय. ग्रिबाउदोबाई येऊन बघून गेल्या. मी पेटीबद्दल माफी मागितली, त्यांनी वाल मागितले. त्या म्हणतात, हा दगड पुन्हा कमानीत बसेल, नवा लागणार नाही. पण वर न्यायचा कसा? मी म्हटलं, त्यांच्या माणसांनी न्यायचा नाही. चुलीचा दगड किल्ल्यावरून खाली भावाने आणायचा असतो, तर वरही भावानेच न्यायचा. मी खालचं टोक धरीन, तू वरचं धर. दमलास तर वाटेत बसू. वाटेत बसायला जागा भरपूर आहेत. विक्रीच्या कागदावर सही करायची की नाही, तेही वर जाऊन ठरवू. मला त्याचं आता काही वाटत नाही.

माझ्या चुलीत पुन्हा भोक आहे. एकदा पेटवली तर धूर सगळा घरात आला, डोळे चुरचुरले, लोकांना वाटलं मी रडते. रोक्को आणि त्याचा तो बहिरा भाऊ, चौघांतले एवढे दोघेच उरलेत, तीन आठवडे रोज ओढ्यात उतरतायत. गुडघाभर पाण्यात, सत्तरीच्या वर दोघे. तीन दगड काढून आणलेत. तिन्ही माझ्या दाराशी ठेवलेत. रोक्को म्हणतो हा, भाऊ म्हणतो तो, आणि दोघे रोज चौकात त्यावरून भांडतात. मला ओळखता येत नाही. मी त्याच्याकडे कधी नीट बघितलंच नव्हतं.

तुझा दगड तूच ओळखशील. ये आणि बसव. तोवर मी चूल पेटवणार नाही, शेजारणीकडून आणून खाते, आणि ती मीठ जास्त घालते.

एर्सीलिया

आशीर्वाद राहिला होता. तो आल्यावर डोक्यावर हात ठेवून देईन.